अल्सर तिखल्याने झाला का?

प्रश्न : वडील ६२ वर्षांचे. हापूसच्या कलमांवर फवारणी करून कंबर धरते, म्हणून दोन महिने रोज डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घेत होते, तीही जेवूनच. आता रात्री दोनच्या सुमारास पोटात वरच्या बाजूला आग पडते. थोडी पेज घेतली की थांबते. एंडोस्कोपीत ड्युओडेनल अल्सर (लहान आतड्याच्या तोंडाशी जखम) निघाला. आईने तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी बंद केली आहे. चूक नेमकी कुठे झाली? (एक वाचक, देवगड)

उत्तर : तिखल्यावरचा आळ आधी काढून टाका. तिखट-आंबट आधीच असलेल्या जखमेला झोंबतं, जखम करत नाही. बहुतेक अल्सरांमागे दोनच कारणं असतात : वेदनाशामक गोळ्या किंवा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. कधी दोन्ही.

जठर आणि लहान आतड्याचं तोंड स्वतःच्याच आम्लात जळत नाही, कारण आतून चिकट स्रावाचा थर असतो. तो टिकवतात प्रोस्टाग्लँडिन ही शरीरातली रसायनं; वेदनाही तीच वाढवतात. डायक्लोफेनॅक हेच बनू देत नाही; त्यामुळे कंबरदुखी थांबते आणि थरही पातळ होतो. हे मुख्यतः रक्तातून घडतं, म्हणून ‘जेवून घेतली की बाधत नाही’ हा समज खोटा. इंजेक्शननेही तेच होतं. रात्री पोट रिकामं, आम्ल थेट जखमेवर. पेज ते थोडा वेळ शोषून घेते, इतकंच.

जंतू बहुधा लहानपणीच घरातून येतो. युरियापासून अमोनिया बनवून तो आम्लात तग धरतो. मार्शल आणि वॉरन या डॉक्टरांनी १९८२मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला (२००५चं नोबेल त्यासाठीच). तोवर सारा दोष ताण आणि तिखटावर जायचा. आपल्याकडे अजून जातो.

एंडोस्कोपीच्या वेळी जंतूची तपासणी झाली का, ते रिपोर्टात बघा. पँटोप्रॅझोल (आम्ल कमी करणारी गोळी) चालू असताना ‘निगेटिव्ह’ आली तर तिच्यावर विसंबू नका. डॉक्टरांना विचारून ही गोळी दोन आठवडे बंद ठेवून पुन्हा करा. ‘पॉझिटिव्ह’ असेल तर अँटिबायोटिक्सचा कोर्स, बहुधा १४ दिवसांचा, पुरा करायचाच; आग बहुधा काही दिवसांतच थांबते आणि तिथेच लोक फसतात. पँटोप्रॅझोल नाश्त्याआधी अर्धा तास घ्यावी, जेवणानंतर घेतली तर तितकं काम करत नाही.

डायक्लोफेनॅक बंद. कंबरेसाठी पॅरासिटामॉल चालेल का, विचारून घ्या. हृदयासाठी अॅस्पिरिन चालू असेल तर ती मात्र परस्पर थांबवू नका. विडी ओढत असतील तर सोडायला हवी, तिने जखम लवकर भरत नाही. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली किंवा एकाएकी पोट फळीसारखं कडक झालं, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, पण चिकट आणि उग्र वासाचं नाही.