विमानात रॉकेल घालतात होय?

प्रश्न : उजळाईवाडीला विमान बघायला गेलो की पोरगं विचारतंय, त्यात पेट्रोल घालतात का डिझेल. आमचे पाव्हणे म्हणाले रॉकेल. खरं काय ओ? आणि आपल्याकडं एवढा ऊस हाय, इथेनॉलवर विमान उडंल का?
– एक वाचक, कागल

उत्तर : पाव्हणे बरोबर बोलले. जेट इंजिनात जातं ते एटीएफ म्हणजे मुळात रॉकेलच, पण लई कडक तपासलेलं, पाण्याचा अंश आणि कचरा काढलेलं. रेशनचं रॉकेल निळं यायचं, हे पाण्यासारखं स्वच्छ असतं.

आपल्याकडं आणि जगात बहुतेक ठिकाणी जेट ए-१ नावाचं एटीएफ वापरतात. पस्तीस हजार फुटांवर बाहेर उणे ५० च्या आसपास थंडी, आणि इंधन तर पंखातच भरलेलं असतंय, मग थंडीत खोबरेल थिजतं तसं ते थिजलं तर इंजिनापर्यंत पोचणार कसं? म्हणून जेट ए-१ उणे ४७ अंशांपर्यंत गोठता कामा नये असा नियमच आहे. अमेरिकेत जेट ए चालतं, त्याची हद्द उणे ४०. कॅनडा, अलास्कासारख्या कडाक्याच्या थंडीत जेट बी, त्यात पेट्रोलसारखा हलका भाग मिसळलेला असतो, त्यामुळं ते पेट पण लवकर घेतं आणि हाताळायला जोखमीचं. विमानवाहू जहाजांवर बरोबर उलटं, तिथं आगीची भीती जास्त म्हणून जेपी-५, त्याची वाफ ६० अंशांच्या खाली पेट घेत नाही. जेट ए-१ ला ही हद्द ३८ आहे.

पेट्रोल लागतं ते पंख्याच्या छोट्या ट्रेनिंग विमानांना, त्याला अ‍ॅव्हगॅस म्हणतात. त्यांच्या टाकीत चुकून एटीएफ गेलं तर उड्डाण झाल्या झाल्या इंजिन बंद पडू शकतंय, त्यामुळं टाकीच्या झाकणापाशी इंधनाचं नाव ठळक लिहिलेलं असतं, आणि ते वाचल्याशिवाय नळी लावायची नाही म्हणजे नाही.

आता उसाचं. इथेनॉल आहे तसं जेटमध्ये नाही चालत, किलोला ताकद एटीएफच्या जेमतेम दोन तृतीयांश, वर पाणी ओढून घेतं. पण इथेनॉलमधलं पाणी काढून इथिलीन करायचं, त्याचे रेणू जोडून लांब साखळी करायची, हायड्रोजन द्यायचा, की जेटला चालणारं रॉकेलच तयार होतं. सध्या ते एटीएफमध्ये निम्म्यापर्यंतच मिसळायला परवानगी आहे. महाग पडतं हे खरं, तरी आपल्या कारखान्यांनी आत्तापासनं याच्या मागं लागायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण आंतरराष्ट्रीय विमानांसाठी २०२७ ला १ टक्का आणि २०३० ला ५ टक्के असं इंधन मिसळायचं भारताचं ठरलंय. आणि पुण्याच्या प्राज कंपनीनं इंडियन ऑइलबरोबर देशी मालापासनं केलेलं असं इंधन घालून मे २०२३ मध्ये पुणे-दिल्ली विमान प्रवासी घेऊन गेलंय सुद्धा.