नाईलच्या लढाईवरची इंग्रजी व्यंगचित्रं इतक्या झटपट कशी निघाली, आणि त्यांत नेमकं काय बघायचं?

तार नाही, रंगीत छपाई नाही, मग चार दिवसांत चित्र बाजारात कसं, असं तुम्ही विचारलंय. चार दिवस हा हिशोब बरोबर आहे. इजिप्तच्या किनाऱ्यावर नेल्सनच्या इंग्रज आरमाराने फ्रेंच आरमाराचा धुव्वा उडवला, ती लढाई १ ऑगस्ट १७९८ ची. बातमी लंडनला पोचली २ ऑक्टोबरला. आणि इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेच्या चित्राखाली (नेल्सन फ्रेंच जहाजांच्या मगरी मारतोय ते) तारीख आहे ६ ऑक्टोबर. असं कुठलंही चित्र हाती आलं की आधी ही तळाची ओळ वाचा. १७३५ च्या इंग्रजी कायद्यानुसार चित्राची नक्कल रोखण्याचा हक्क हवा असेल तर तारीख आणि मालकाचं नाव छपाईच्या पत्र्यावर कोरावं लागे.

पत्रा तांब्याचा. त्यावर मेणाचा पातळ थर देऊन सुईने रेघा ओढायच्या आणि पत्रा आम्लात ठेवायचा. उघडं पडलेलं तांबं तेवढं खाल्लं जातं. फिकट हवी ती रेघ लवकर झाकायची, गडद हवी तिला आणखी आम्ल पाजायचं. वेळ चुकला की शेजारशेजारच्या रेघा मिसळून काळं डबकं होतं. लाकडावर कोरण्यापेक्षा हे काम कागदावर रेखाटण्याइतकं मोकळं, म्हणून झटपट. रंग मात्र हातानेच, जलरंगात, एकेका प्रतीवर.

छपाईत सगळं उलटं उमटतं. नेल्सनचा उजवा हात १७९७ मध्ये टेनेरीफला गेला होता, म्हणजे पत्र्यावर तुटका हात डावीकडचा काढायचा. अक्षरंही आरशातली.

मगरींच्या चित्रात त्या हाताच्या जागी लोखंडी आकडा आहे. खऱ्या नेल्सनला आकडा नव्हता, रिकामी बाही टाचलेली असे. आकड्याला दोऱ्यांनी बांधलेल्या फ्रेंच मगरी, डाव्या हातात 'ब्रिटिश ओक' लिहिलेला सोटा. मागे एक मगर फुटतेय, ती म्हणजे स्फोटात उडालेलं फ्रेंच सेनापतीचं जहाज. फ्रेंचांच्या १३ मोठ्या जहाजांपैकी ९ पकडली गेली, २ नष्ट झाली, २ निसटली.

माझ्या मते २४ ऑक्टोबरचं चित्र त्याहून चलाख. जाडजूड जॉन बुल, म्हणजे सामान्य इंग्रज माणसाचं व्यंगचित्रातलं रूप, जेवायला बसलाय आणि आरमाराचे सेनापती फ्रेंच जहाजांच्या थाळ्या पुढे करताहेत. एवढं कुठे ठेवू, म्हणून तो शिव्या घालतोय. खिडकीबाहेर फॉक्स आणि शेरिडन हे विरोधी पुढारी पळताहेत, आता आपलाच घास घेईल म्हणून! आदल्याच वर्षी आरमारात बंडं झाली होती आणि बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं होतं. अशा वेळी 'खाऊन खाऊन पोट फुटतंय' हे दृश्य किती बरं वाटलं असेल. शिवाय ते बघायला पैसे लागत नसत. गिलरेची चित्रं विकणाऱ्या हॅना हम्फ्रीच्या लंडनमधल्या सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या दुकानाची काच पुरे. मात्र गिलरेला १७९७ पासून सरकारी पेन्शन मिळत होतं, हेही धरून वाचा.

विकत घेणार असाल तर कागद उलटून बघा. मागेही चित्र छापलेलं असेल तर ती बहुधा १८५१ ची, बोन या प्रकाशकाने जुन्याच पत्र्यांवरून काढलेली आवृत्ती. तिच्यात रंग सहसा नसतात. असले तर ते नंतर कुणीतरी भरलेले.