जी, एच, सिग्मा अशा स्थिरांकांच्या मिती पाठ करायची सोपी युक्ती आहे का?

पाठ करूच नका. स्थिरांक ज्या सूत्रात बसलाय ते लिहा, त्याला एका बाजूला एकटा काढा, बाकीच्यांच्या मिती, म्हणजे वस्तुमान (एम), लांबी (एल) नि काळ (टी) यांचे घात, भरा. गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक जी म्हणजे बल गुणिले अंतराचा वर्ग, भागिले वस्तुमानाचा वर्ग: एम⁻¹ एल³ टी⁻². प्लँकचा स्थिरांक एच म्हणजे ऊर्जा भागिले वारंवारता: एम एल² टी⁻¹. झालं.

तुम्ही सिग्माचं, म्हणजे स्टीफनच्या स्थिरांकाचं, नाव काढलंत म्हणून पुढचं लिहितोय. अकरावीला आमच्या क्लासचे सर स्थिरांकांचा तक्ता वहीत उतरवून द्यायचे आणि दर शनिवारी एकेकाला उभं करून विचारायचे. त्यात स्टीफनच्या स्थिरांकासमोर होतं एम टी⁻⁷. मला काही केल्या सात येईना. एका रात्री जेवणं झाल्यावर पुन्हा मांडलं. दर चौरस मीटरमधून दर सेकंदाला बाहेर पडणारी ऊर्जा म्हणजे सिग्मा गुणिले तापमानाचा चौथा घात. ऊर्जेतला एल² क्षेत्रफळानं खाल्ला, सेकंदानं भागल्यावर उरलं एम टी⁻³, आता त्याला तापमानाच्या चौथ्या घातानं भागायचं... आणि ट्यूब पेटली. सूत्रातला टी तापमानाचा, मितीतला टी काळाचा, आणि तक्ता करणाऱ्यानं तीन नि चारची बेरीज करून टाकलेली!

शनिवारी उभा राहिलो आणि ठणकावून म्हणालो, एम टी⁻³ के⁻⁴. सर म्हणाले, "वहीत काय आहे?" फळ्यावर करून दाखवू का, असं विचारलं तर, "आधी पास हो, मग शिकव." अख्खा वर्ग खिदळला. चाचणीत नेमका तोच प्रश्न. मी माझंच उत्तर लिहिलं, दोन मार्क गेले. शेजारच्यानं सात लिहून ते मिळवले. त्याला आज झोपेतून उठवून विचारलंत तरी तो सातच सांगेल.

त्यामुळे तक्ते घोकून घेणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही, आणि तुमच्या क्लासमध्ये तसं चालत असेल तर फी परत मागा. तापमानाला मितीत कायम के लिहायचं, एवढं जपा.

हां, एक-दोन गोष्टी राहिल्या. मिती काढून २π सारखा गुणक कळत नाही. एच आणि कोनीय संवेग यांची मिती एकच येते, ते चुकलं नाही. एप्सिलॉन नॉट, म्हणजे विद्युतबलाच्या कूलॉमच्या नियमातला स्थिरांक, याचं मात्र एककपद्धतीवर अवलंबून: एसआयमध्ये त्याला मिती आहे, गाउसच्या पद्धतीत कूलॉमच्या नियमात तो स्थिरांकच लागत नाही.

आणि "तापमान म्हणजे शेवटी ऊर्जाच ना, मग सरांचंही बरोबर असेल" असं म्हणणारे भेटतात, म्हणून तेही करून ठेवलंय. तापमान नि ऊर्जा जोडणारा बोल्ट्झमनचा स्थिरांक १ धरून तापमान ऊर्जेत मोजलं, तर सिग्मा येतो एम⁻³ एल⁻⁸ टी⁵. सात तिथेही नाही.