बाकावरच्या पोरांचं काय करायचं?

सर, प्रशिक्षक म्हणून तुमचं पहिलंच वर्ष आहे म्हणून सांगतो. शाळेचा फुटबॉल संघ बिघडतो तो बाकावरून, म्हणजे राखीव पोरांपासून.

माझी चूक ऐका. एका पोराला सलग पाच सामने कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर नेलं आणि एक मिनिटही खेळवलं नाही. सहाव्या दिवशी तो आलाच नाही. घरून कळलं, क्लास लावलाय. त्याच दिवशी आमच्या डाव्या बॅकचा, म्हणजे डावीकडच्या बचावपटूचा पाय मुरगळला!

तेव्हापासून राखीव पोराला मी स्पष्ट सांगतो : "तुझा डावा पाय कच्चा आहे, उडालेला चेंडू छातीवर घेताना घाबरतोस." "तुझीही वेळ येईल" असलं गुळमुळीत बोलू नका, पोरांना ते लगेच कळतं. सरावात दोन बाजू ओळखायला जर्सीवर घालतात ती बंडी कायम राखीव पोरांच्याच अंगावर नको. राखीव बचावपटूला तुमच्या सगळ्यात तिखट स्ट्रायकरसमोर उभा करा, दोघांचंही भलं होतं. आणि बाटल्या, जाळी उचलायची पाळी कप्तानालाही लावा. (आमच्या पेठेत हे बघून पालक चिडले होते, चिडू दे.)

सामन्यात बाकावरच्याला काम द्या : समोरचा कुठला बॅक दमलाय, कॉर्नरला कोण मोकळा सुटतो. २०१४ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात जर्मनीचा राखीव खेळाडू ग्योट्झे ८८ व्या मिनिटाला उतरला आणि ११३ व्या मिनिटाला गोल करून गेला. हे पोरांना जरूर सांगा, पण चार गोलांनी पुढे असताना शेवटची दोन मिनिटं भीक घातल्यासारखं उतरवू नका. उतरवायचं तर हाफटाइमनंतर लगेच.