सिंकवरची खिडकी: आयांचे प्रश्न, घरातली उत्तरं

यावेळी पत्रं भरपूर आलीत, आणि निम्म्या पत्रांचा सूर एकच, की ताई घर सांभाळता सांभाळता प्रार्थना राहूनच जाते. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न: ताई, मला दोन मुलं, एक तीन वर्षांचं, एक आठ महिन्यांचं. लग्नाआधी मी रोज पहाटे उठून बायबल वाचायचे, आता मी उठले की बाळ पण उठतं. चर्चमधे कुणी नीतिसूत्रे 31 मधल्या सद्गुणी स्त्रीवर बोलायला लागलं की मला रडूच येतं. ती पहाटे उठून सगळं करते आणि मला दुपारपर्यंत केस विंचरायला पण मिळत नाही. माझंच काही चुकतंय का?

उत्तर: अगं, आधी तो अध्याय नीट वाच बघू. ती अंधारातच उठते हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच 15व्या वचनात तिच्या दासी पण आहेत, ते मात्र कुणी जोर देऊन वाचत नाही! म्हणजे बाईच्या हाताखाली माणसं होती. शिवाय 10 ते 31 ही 22 वचनं मूळ हिब्रूत वर्णमालेच्या क्रमानं रचलेली आहेत, 22 अक्षरं आणि प्रत्येक अक्षराला एक वचन, त्यामुळे ते कुणाच्या एका दिवसाचं टाइमटेबल नाहीच मुळी, अख्ख्या आयुष्याचं गाणं आहे. ज्यू घरांमधे शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, जेवणाआधी नवरा हेच शब्द बायकोसाठी गातो. तिच्या कौतुकाचं गाणं आहे ते, आणि आपण त्याचं प्रगतिपुस्तक करून स्वतःला नापास करत बसतो. माझ्या मते तर हा अध्याय नवऱ्यांच्या सभेत जास्त वाचायला हवा, पण तो विषय वेगळा.

आता वाचनाचं. नव्या करारात 260 अध्याय आहेत. आठवड्याला पाच धरले तर बरोब्बर 52 आठवडे, शनिवार-रविवार सुट्टी, मागे राहिलेलं भरून काढायला ते दोन दिवस हाताशी. आणि हा एक अध्याय पहाटेच वाचला पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही, बाळ दूध पितंय तेव्हा मोबाईलवर ऑडिओ लाव, झालं. एखादा दिवस अगदीच वाईट गेला तर स्तोत्र 117 वाच. सगळी दोन वचनं आहेत, बाळ रडायच्या आत संपतं.

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स म्हणून एक साधा ब्रदर होता, त्याला बरीच वर्षं स्वयंपाकघरात काम दिलेलं आणि गंमत म्हणजे त्याला त्या कामाची मनापासून नावड होती. तरी त्याचं म्हणणं काय, तर भांड्यांच्या खडखडाटात आणि लोकांच्या हाकांमधे पण देवाशी तसंच बोलता येतं जसं वेदीपुढे गुडघे टेकून. आवड नसलेल्या माणसानं हे सांगितलंय म्हणून मला ते पटतं, आवड असणाऱ्याचं ऐकून आपल्याला फक्त अजून गिल्टी वाटतं.

प्रश्न: ताई, तुमच्या रोजच्या वापरातल्या आवडत्या वस्तू सांगा ना, ज्यांच्याशिवाय तुमचं चालत नाही.

उत्तर: हा प्रश्न मला फार आवडला, कारण माझ्या वस्तूंमधे एकही महाग नाही. एक म्हणजे किचन टायमर. 15 मिनिटं लावायची आणि तेवढ्यात जे आवरेल ते आवरायचं, वाजला की हातातलं खाली ठेवायचं, अर्धं राहिलं तरी. मुलांना पण 'घर आवरा' म्हटलं की कळत नाही, टायमर लावला की धावतात. दुसरं, खिशाचा एप्रन, खोल खिशाचा, कारण दिवसभरात क्लिपा, बटणं, खेळण्याचे तुकडे, पेन्सिल असं काय काय उचललं जातं आणि संध्याकाळी एकदाच खिसा रिकामा करायचा. तिसरं, सिंकवरच्या खिडकीला चिकटवलेलं कार्ड. त्यावर आठवड्याला एक वचन, मोठ्या अक्षरात, प्लास्टिकच्या पाकिटात घालून म्हणजे पाणी उडालं तरी शाई पसरत नाही. भांडी घासता घासता पाठ होतं, वेगळा वेळ लागत नाही. आणि चौथं वस्तू नाही, स्तोत्र 23 आहे. सहाच वचनं, सावकाश म्हटलं तर साधारण एक मिनिट, म्हणजे मुलं दात घासतात तेव्हा मी दोनदा म्हणते आणि त्यांची दोन मिनिटं पुरी होतात. तोंडात ब्रश असल्यामुळे मधे कुणी प्रश्न पण विचारत नाही. आमच्या धाकट्याला ते कधी पाठ झालं आम्हालाच कळलं नाही.

एक गोष्ट मात्र मी सोडली, टॉवेलना सॉफ्टनर लावणं. मऊ लागतात खरे, पण त्याचा थर बसून टॉवेल पाणीच शोषत नाहीत.

प्रश्न: सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून सगळं घर चमकतं असं व्हिडिओत दाखवतात, खरं आहे का?

उत्तर: फेस छान येतो, बाकी काही नाही. एक आम्ल आणि एक अल्कली, दोघं एकमेकांना मारून टाकतात, गॅस उडून जातो आणि मागे उरतं जवळजवळ खारट पाणी. वेगवेगळे वापरा. सोडा ओल्या फडक्यावर घेऊन सिंक आणि शेगडी घासायला, व्हिनेगर अर्धं पाणी घालून किटलीतला पांढरा थर काढायला, पण संगमरवरावर चुकूनही नको, तो खराब होतो. आणि हे नीट ऐका, ब्लीचमधे व्हिनेगर किंवा अमोनियावाला क्लीनर कधीच मिसळायचा नाही, विषारी वायू तयार होतो, बंद बाथरूममधे तर फारच धोक्याचं.

प्रश्न: रविवारी चर्चला जायच्या आधी आमच्याकडे युद्ध असतं. मोजे सापडत नाहीत, मी ओरडते, आणि मग चर्चमधे जाऊन शांतीची गीतं म्हणते. लाज वाटते हो.

उत्तर: सगळ्यांच्याच घरी हे होतं, फक्त चर्चच्या दारात कुणी सांगत नाही. मला उपाय निर्गम 16 मधे सापडला, हसू नका. इस्राएली लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवानं दिलेलं अन्न, मिळायचा तेव्हा सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा आणि शिजवायचं-भाजायचं ते आदल्या दिवशीच करून ठेवायचं, म्हणजे शब्बाथच्या दिवशी कुणी वेचायला जायचं नाही. आदल्या संध्याकाळची तयारी ही किती जुनी गोष्ट आहे बघा! तर शनिवारी रात्री मोज्यांसकट कपडे खुर्चीवर, बायबल आणि दानाचं पाकीट दाराजवळ, नाश्ता असा की गॅस लावायला लागू नये. आणि ओरडून झालंच तर गाडीत बसल्यावर मुलांना सरळ सॉरी म्हणा. मी म्हणते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मोठी माझ्याकडे अशी बघत होती जशी काही मी परग्रहावरून आलेय.

प्रश्न: माझा मुलगा 14 वर्षांचा आहे, कौटुंबिक प्रार्थनेला बसायचं म्हटलं की तोंड वाकडं करतो. जबरदस्ती करावी का?

उत्तर: बसायला सांगा, बोलायला लावू नका, एवढीच माझी सक्ती असते. पण खरं काम प्रार्थनेच्या वर्तुळाबाहेर होतं असं मला वाटतं. सुझाना वेस्ली माहीत असेल, मेथडिस्ट पंथाची सुरुवात करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्लीची आई. 19 मुलं झाली, त्यातली बरीच लहानपणीच गेली, घर जळालं, पैशाची ओढाताण कायमची. तरी 1712 च्या एका पत्रात ती लिहिते की तिनं रोज रात्री एकेका मुलाशी एकटीनं बोलायचा वार ठरवलाय. जॉनचा गुरुवार, चार्ल्सचा शनिवार. पुढे जॉन ऑक्सफर्डला मोठा विद्वान झाला तरी आईला पत्रातून त्या गुरुवारच्या संध्याकाळची आठवण करून देत होता आणि त्यातला थोडा वेळ परत मागत होता! इतकी मुलं असून तिनं वेळ काढला म्हणून तुम्हीही काढाच असं मी म्हणत नाहीये, पण आठवड्यातून एकदा त्याच्यासोबत चालायला जा किंवा भांडी पुसायला त्याला सोबत घ्या. समोरासमोर बसवलं की मुलगे गप्प होतात, शेजारी उभं राहून हाताला काम असलं की बोलायला लागतात. आणि तो देवाबद्दल काही उलटसुलट बोलला तर लगेच वचन तोंडावर मारू नका, आधी ऐका.

प्रश्न: आगमनकालाचं मेणबत्त्यांचं चक्र घरी करायचंय, नेमकं कसं?

उत्तर: चार मेणबत्त्या, नाताळाआधीच्या चार रविवारी एकेक वाढवत जायची, पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या मधे येतो. बऱ्याच ठिकाणी तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी असते, रंग नसतील तर सगळ्या पांढऱ्या चालतात. ही कल्पना जर्मनीतल्या हॅम्बुर्गची, 1839 मधे विकर्न नावाच्या पाळकानं मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, कारण मुलं रोज विचारून भंडावून सोडायची की नाताळ कधी. म्हणजे हा प्रश्न पण जुनाच. मेणबत्ती विझवायचा मान कुणाचा हे आधीच ठरवून टाका, नाहीतर रडारड.

प्रश्न: ताई, खरं सांगा, तुमच्याकडे कौटुंबिक प्रार्थना रोज होते?

उत्तर: नाही. मंगळवारी नवरा उशिरा येतो, पोरं पेंगत असतात आणि मी पण. मंगळवारी आम्ही पलंगावर पडल्या पडल्या प्रत्येकी एक वाक्य म्हणतो, आणि मागच्या मंगळवारी माझं वाक्य अर्ध्यात असताना मीच झोपले.