मावशी पाटीपर्यंत गेल्या होत्या

"ताई, सासूबाईंना सोरायसिस आहे. तीन तारखा चुकवल्या. पालिकेच्या दवाखान्यात पैसेही फार लागत नाहीत, तरी जात नाहीत. त्यांना बरं व्हायचंच नाही का?"

हा प्रश्न मला नेहमी येतो. कधी सून विचारते, कधी नवरा, कधी मुलगा. त्यात रागापेक्षा दमणूक जास्त असते. (ओळख कळू नये म्हणून इथले काही तपशील बदलले आहेत.)

या सासूबाई म्हणजे मावशी, मुंबईतल्या काळाचौकीच्या. करी रोडच्या एका पोळी-भाजी केंद्रात पहाटे 5 पासून पोळ्या लाटतात. सोरायसिस हा त्वचेचा आजार; त्यांच्या तळहातांवर, कोपरांवर आणि केसांत चट्टे. पहिल्या भेटीत मी अगदी पुस्तकी सल्ला दिला: डायरी ठेवा, मोबाइलमध्ये अलार्म लावा. चौथी तारीखही चुकली. अलार्म वाजला होता, मावशींनीच तो बंद केला होता.

मग मी तारखेचा विषय सोडला आणि त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते विचारलं. मावशी बराच वेळ पदर तळहातावर ओढून बसल्या. मग म्हणाल्या, "गेले होते मी. पाटीपर्यंत."

पाटी म्हणजे विभागाची. आपल्याकडे त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग ही एकच वैद्यकीय शाखा. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी पाटीवरही हेच शब्द ओळीने असतात. त्या पाटीखालच्या बाकावर चाळीतल्या कुणी पाहिलं तर? सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही, हे मावशींना पाठ होतं. "पण डबा घेणाऱ्याला कोण समजावणार, मॅडम? तो पोळी दुसरीकडून घेईल." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. भीती खुळी नव्हतीच.

दुसरी अडचण रक्ताच्या तपासणीची. त्यांना सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट चालू होतं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची आणि अधूनमधून रक्त, लिव्हर तपासायचं. एकदा खाडा परवडला नाही म्हणून तपासणी राहिली. रिपोर्ट नाही तर डॉक्टर ओरडतील, म्हणून तारीख चुकवली. एक चुकली म्हणून पुढच्या वेळी तोंड दाखवायची आणखी लाज. तोवर गोळ्या संपल्या, चट्टे उसळले. मग मेडिकलमधून कुणीतरी सांगितलेलं स्टेरॉइडचं मलम आलं. चार दिवस हात छान दिसले. (हे मलम डॉक्टरला न विचारता लावत राहिलं तर त्वचा पातळ होते, आणि थांबवल्यावर आजार जोरात उलटू शकतो.) हात छान दिसत असताना आली पुढची तारीख. "तेव्हा दाखवू तरी काय?"

सुनेला मी सांगितलं, हिशेब विचारू नका, सोबत जा. चट्टे उसळतील त्या दिवशी मोबाइलवर फोटो काढा; तारखेला हात बरे असले तरी दाखवायला काहीतरी राहील. केंद्र सोमवारी बंद असतं, म्हणून ओपीडीतल्या सिस्टरना विचारून सोमवारच घेतला. आणि केसपेपरसोबत माझी चिठ्ठी: रिपोर्ट नाहीत, तरी कृपया तपासा.

डॉक्टर ओरडले का? ओरडले, थोडंसं. मग तपासणी लिहून दिली, मलम थांबवण्याची पद्धत सांगितली आणि विचारलं, सकाळी बोटं आखडतात का? आखडत होती. मावशींना वाटायचं, लाटण्यामुळे. सोरायसिस सांध्यांतही उतरतो आणि तिथलं नुकसान भरून येत नाही, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. माझ्याही भेटींत हा प्रश्न निघाला नव्हता. आता मी तो विचारते.

पुढच्या दोन तारखा झाल्या. गणपतीतली मात्र चुकलीच, उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी होत्या. फक्त या वेळी मावशींनी आदल्या दिवशी सिस्टरना स्वतः फोन करून नवा सोमवार मागून घेतला.