दाढ काढली म्हणजे तिथे काही बसवलंच पाहिजे का?

तुम्ही विचारलंय की आईची (वय 54) खालची सगळ्यात मागची दाढ गेल्या वर्षी काढली, अक्कलदाढ तर आधीच गेलेली, आता एक डॉक्टर इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) म्हणतात, दुसरे पुढच्या दोन दाढा घासून ब्रिज (त्यांच्यावर कॅप घालून तिला जोडलेला खोटा दात) म्हणतात, नाहीतर वरची दाढ खाली उतरेल, आणि आई म्हणते मले जेवताना काहीच तरास नाही. शिवाय पुढच्या दाढेत कीड आहे, दुखत नाही तरी रूट कॅनल (दाढेतली नस काढून आत भरणं) सांगितलंय.

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याला दातांचा दवाखाना चालवतो. आईला खरंच त्रास नसेल तर तिथे सध्या काहीच बसवू नका. पैसे वाचवा म्हणून नाही सांगत, अभ्यासच तसे आहेत. हॉलंडमध्ये कायझर नावाच्या डेंटिस्टने 1981 मध्येच मांडलं होतं की समोरचे दात आणि त्यामागच्या छोट्या दाढा शाबूत असल्या तर मागच्या मोठ्या दाढा नसतानाही बहुतेकांचं खाणं नीट चालतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही ध्येय ठेवलं ते आयुष्यभर किमान 20 चालते दात टिकवायचं, 28 चं नाही. तुमच्या आईची तर एकच दाढ गेलीय.

वरची दाढ उतरेल हे अगदी खोटं नाही, थोडी उतरतेही, पण बहुतेकांत ते एखाद-दोन मिलीमीटरवर थांबतं आणि त्यालाही वर्षं लागतात. हिरड्या सुजून दात हलायला लागले असतील तर जास्त सरकतात, म्हणून आधी हिरड्या तपासून घ्या.

ब्रिजला मी नकोच म्हणेन. मागे आधाराला दात नाही, म्हणजे एका टोकाला लोंबता ब्रिज, आणि तो दोन्हीकडे आधार असलेल्या ब्रिजपेक्षा कमी टिकतो, 10 वर्षांत 100 पैकी 80 च्या आसपास राहतात. आणि पूर्ण कॅपसाठी दात घासला की वर दिसणाऱ्या भागातला 60 टक्क्यांच्या वर जातो, तो परत येत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी एका कास्तकार काकांचा असाच ब्रिज केला होता, दात चांगले होते, काकांनी कापूस विकून आलेले पैसे आणून दिले. चार वर्षांनी घासलेल्या दाढेची नस मेली, मग रूट कॅनल, मग दाढच फुटली. एकाच्या दोन खाचा झाल्या. तो केस माझ्या मनातून जात नाही, आणि आज कोणी विचारलं तर मी आधी हेच विचारतो की बसवलं नाही तर काय बिघडेल.

इम्प्लांट वाईट नाही बरं का, चांगल्या हातांनी केलेले 10 वर्षांनी 100 पैकी 95 च्या आसपास टिकतात. पण साखर वाढलेली असेल, बिडी-सिगारेट असेल तर धोका वाढतो. आणि आपल्याकडे खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी. खर्ऱ्यातल्या सुपारीने गाल आवळत जातो, तोंड दोन बोटंही उघडत नाही, मग मागच्या दाढेपाशी मशीन जाणार तरी कसं, आणि तेव्हा इम्प्लांटआधी कॅन्सरची तपासणी महत्त्वाची. आई खात असेल तर खरं सांगायला लावा.

किडलेल्या दाढेचं मात्र लवकर बघा, कारण ती वाचवली तरच वरचं सगळं खरं. रात्री ठणका नसेल, थंड लागून लगेच थांबत असेल, एक्सरेत मुळाशी काळं नसेल, तर नस बहुधा जिवंत आहे. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं की सगळी कीड खरवडून काढा, त्यात नसच उघडी पडायची. आता पुरावा उलट आहे. कडेची कीड पूर्ण साफ करायची, नसेवरचा मऊ थर मुद्दाम ठेवायचा आणि वरून घट्ट भरायचं, कीड उपाशी राहून थांबते. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, असं करून बघता येईल का.

दुसरं मत हवं असेल तर वर्ध्याजवळच्या सावंगी मेघे किंवा नागपूरच्या डेंटल कॉलेजला दाखवा, यवतमाळहून सकाळच्या बसने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. एक्सरेचा फोटो इथे टाकला तर मीही बघतो, फक्त नाव झाका.